विकास सोसायटीचा मूळपुरुष : रायफायझेन

शेतकरी बंधूंनो, मृग नक्षत्र तोंडावर आले की गावातल्या सोसायटीच्या कार्यालयात गर्दी सुरू होते. कुणाला पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असतं, कुणी सात-बारा आणि आठ-अचा उतारा घेऊन आलेला असतो, तर कुणी गटसचिवाची वाट पाहत ओट्यावर नुसताच बसलेला असतो. ही सोसायटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कुठून, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. सरकारने काढली, असेच बहुतेकांना वाटते. सरकारने १९०४ साली तिच्यासाठी कायदा केला हे खरे, पण कल्पना सरकारी कचेरीतली नव्हे. ती जर्मनीच्या एका गरीब डोंगराळ मुलखात जन्माला आली. तिथल्या अधू डोळ्यांच्या एका गावकारभाऱ्याने जवळजवळ वीस वर्षे चुकत-माकत, ठेचा खात ती उभी केली. त्यांचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन.

त्यांची हकीकत आज सांगायची ती एवढ्यासाठी, की निसर्गाच्या भरवशावर जगणाऱ्या गरीब घराने वाईट वर्ष कसे काढायचे, या एकाच प्रश्नाशी हा माणूस आयुष्यभर झुंजला. तोच प्रश्न आजही तुमच्या-आमच्या उंबऱ्यावर बसलेला आहे.

शाळा अर्धवट, पण हिशोब पक्का

रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. नऊ भावंडांतले हे सातवे. वडील काही काळ गावचे कारभारी होते, पण पुढे ते आजारी पडले, पद गेले आणि घराची घडी विस्कटली. एवढा मोठा संसार आईच्या अंगावर पडला. मुलाला वरच्या शाळेत घालण्याइतका पैसा नव्हता. गावच्या पाद्र्याने त्याला शिकवले, तेवढीच काय ती शिदोरी.

सतराव्या वर्षी मुलगा प्रशियाच्या लष्करात तोफखान्यात भरती झाला. नोकरीत त्याने नाव कमावले असते, पण डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली लष्कर सोडावे लागले. मग मुलकी खात्यात कारकुनी आली. १८४५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वेयरबुश नावाच्या गावी त्यांची ‘बुर्गरमायस्टर’ म्हणून नेमणूक झाली. हा शब्द अवघड वाटेल. पण वीसेक खेड्यांचा सरपंच, तलाठी आणि गटविकास अधिकारी एकाच खुर्चीत बसवला, तर जे होईल ते हे पद होते, असे समजा.

हा मुलूख वेस्टरवाल्डचा. उंचावरचा, थंडीचा, खडकाळ. राय, ओट आणि बटाटा ही तिथली पिके. भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडलेले. वेठबिगारीतून शेतकरी कागदावर मोकळा झाला होता, पण हातात भांडवल नव्हते. लहान शेतकऱ्याच्या दावणीला एखादी गाय असायची. तीच दूध द्यायची, तीच नांगर ओढायची आणि शेताला खतही तिचेच. गाय गेली की शेती बसली, असा सरळ हिशोब. आपल्याकडच्या कोरडवाहू गावात बैलजोडीचे जे मोल, तेच तिथे त्या एका गाईचे.

रायफायझेन यांनी आल्या आल्या शाळेची इमारत बांधून घेतली. मग रस्त्याच्या मागे लागले. डोंगरातला माल ऱ्हाईन नदीकाठच्या बाजाराला पोचत नाही, तोवर शेतकऱ्याच्या हाती रोकड येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे त्यांनी हा रस्ता तुकड्या-तुकड्याने पुढे नेला. आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

भुकेचा हिवाळा

पण गादीवर बसून वर्ष होते न होते तोच परीक्षा आली. १८४५ पासून युरोपभर बटाट्यावर करपा पडत होता. १८४६ साली रायचे पीकही बुडाले. त्या वर्षीचा हिवाळा जर्मनीत भुकेचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो. धान्याचे भाव चढले, घरातले बटाटे संपले, बियाणेसुद्धा चुलीवर गेले.

सरकारने कोठारातले धान्य पाठवले, पण अट घातली की रोख पैसे घेऊनच द्यायचे. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या घरात पीठ नाही त्याच्या गाठीला रोकड कुठून असणार? मदत वेशीपर्यंत आली आणि तिथेच अडली. असे प्रसंग आपल्या ग्रामसेवकांना आणि तलाठ्यांना काही नवे नाहीत. वरून आलेला हुकूम आणि समोर उभा राहिलेला माणूस, यांत कुणाकडे पाहायचे? रायफायझेन यांनी माणसाकडे पाहिले. हुकूम बाजूला ठेवून त्यांनी धान्य उधारीवर वाटले आणि प्रत्येकाची नोंद लिहून ठेवली. नोकरी जाण्याचा धोका होता, तो पत्करला.

मग त्यांनी भागातल्या खात्यापित्या लोकांना गोळा केले आणि एक ‘पाव मंडळ’ काढले. वर्गणीतून धान्य आणले, गावची भट्टी बांधली आणि बाजारापेक्षा बऱ्याच कमी दराने पाव द्यायला सुरुवात केली. पाव फुकट नव्हता. ज्याला जमेल त्याने आज द्यावे, नाही त्याने सुगीनंतर द्यावे. वसंतात याच मंडळाने लावणीसाठी बियाण्याचे बटाटेही आणले. लोक त्यांना पाववाला बुर्गरमायस्टर म्हणू लागले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पाव दिल्याने माणूस जगला, पण बियाणे दिल्याने पुढचे वर्ष जगले. दुष्काळात माणूस वाचवायचा तर त्याचे पुढचे पीकही वाचवावे लागते, हा धडा त्यांनी त्या हिवाळ्यात घेतला आणि तो ते कधी विसरले नाहीत.

एकट्याची तजवीज आणि तिची किंमत

गरीब शेतकरी वाईट वर्षासाठी काही तजवीज करत नाही, असे शहरातल्या माणसाला वाटते. तसे नसते. आपल्याकडे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू गावांत वर्षानुवर्षे घरोघरचा हिशोब लिहिला. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा ही आपली गावेही होती. या गावांतून जे दिसले ते तुम्हाला ओळखीचेच वाटेल. शेतकरी एका रानात दोन-तीन पिके मिसळून पेरतो, म्हणजे एक गेले तरी दुसरे हाती लागते. रानांचे तुकडे वेगवेगळ्या शिवारात असले तर त्याला ते एका परीने सोयीचेच पडते. काही अभ्यासकांनी तर असेही दाखवले की लेकी दूरच्या गावी देण्यामागे हाही एक हिशोब असतो. आपल्याकडे पाऊस नसला तरी सोयऱ्यांकडे असेल, अडीनडीला तेवढाच आधार.

हे सगळे शहाणपणाचे आहे, पण फुकटचे नाही. जास्त पैसा देणारे पण धोक्याचे पीक गरीब शेतकरी टाळतो, कारण ते बुडाले तर सावरायला काही नसते. म्हणजे चांगल्या वर्षीसुद्धा त्याला कमीच मिळते. आणि वाईट वर्ष फारच वाईट निघाले, की शेवटी दावणीला हात जातो. बैल विकला की वर्ष निघते, पण पुढच्या पेरणीला औत कुठून आणायचे? शिवाय दुष्काळात सगळेच विकायला निघतात, तेव्हा बाजारात जनावराला भाव नसतो. पाऊस पडल्यावर तेच जनावर घ्यायला गेले तर दाम दुप्पट.

वेस्टरवाल्डमध्ये नेमके हेच चालले होते. गाय मेली किंवा विकली, की शेतकरी गुरांच्या व्यापाऱ्याकडे जाई. व्यापारी गाय उधार देई किंवा वाट्याने देई. गाय व्यापाऱ्याची, चारा आणि मेहनत शेतकऱ्याची, फायद्यात मोठा हिस्सा पुन्हा व्यापाऱ्याचा. हप्ता चुकला की गाय परत, कधी गाईबरोबर जमीनही. एका वाईट वर्षाची भरपाई करता करता दहा वर्षे जात.

गाईचे मंडळ

१८४८ साली रायफायझेन यांची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथे १८४९ साली त्यांनी साधनहीन शेतकऱ्यांसाठी मदत मंडळ काढले. भागातले साठेक खातेपिते लोक सभासद झाले आणि त्यांनी आपल्या मालमत्तेची सामाईक हमी दिली. त्या हमीवर पैसा उभा राहिला. मंडळ गाय विकत घेई आणि गरजू शेतकऱ्याला देई. किंमत पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडायची. पुढे गाईऐवजी रोख कर्जही देऊ लागले.

पाच वर्षांची मुदत का? कारण गाईने स्वतःची किंमत दुधातून, वासरातून आणि नांगरटीतून फेडायची, तर तेवढा वेळ तिला लागणारच. कर्जाची मुदत सावकाराच्या सोयीने नको, शेतीच्या चालीने हवी, हे त्यांनी तेव्हा ओळखले. आपल्याकडे पीककर्ज, मध्यम मुदत, दीर्घ मुदत असे जे भाग पडले, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

१८५२ साली ते ऱ्हाईनकाठी हेडेसडॉर्फला आले. तिथे १८५४ साली आणखी मोठे मंडळ काढले. या वेळी उत्साह दांडगा होता. अनाथ आणि हयगय झालेल्या मुलांचा सांभाळ, बेकारांना काम, तुरुंगातून सुटलेल्यांची सोय, गुरांची खरेदी, कर्जवाटप, सगळेच करायचे ठरले.

आणि इथे गाडे रुतले. पहिली काही वर्षे दात्यांनी हौसेने काम केले. मग कंटाळले. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली मालमत्ता कुठवर गुंतवायची, असे त्यांना वाटू लागले. एकेक काम बंद पडत गेले, शेवटी कर्जवाटप तेवढे उरले. घेणाऱ्यांची गोष्ट तर निराळीच. मंडळ त्यांचे नव्हते, ते श्रीमंतांचे होते. मंडळ बुडाले तर आपले काय जाते, हा भाव.

रायफायझेन हे धर्मनिष्ठ गृहस्थ. ज्याच्याकडे आहे त्याने नसलेल्याला दिले पाहिजे, ही त्यांची मनापासूनची श्रद्धा. शहरातल्या कारागिरांसाठी पतसंस्था काढणारे शुल्झे-डेलिच हे त्यांच्याच काळातले पुढारी. स्वतःच्या पायावर उभे राहिल्याशिवाय काही टिकत नाही, असे त्यांचे मत होते. रायफायझेन यांना ते सहजासहजी पटले नाही. पण पंधरा वर्षांच्या अनुभवापुढे त्यांनी हट्ट सोडला. १८६२ साली अनहाउझेन येथे आणि १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे नव्या पद्धतीची कर्ज मंडळे उभी राहिली. नवी गोष्ट एकच होती. ज्याला कर्ज हवे त्याने आधी सभासद व्हायचे. आता देणारे आणि घेणारे असे दोन तट उरले नाहीत.

मंडळी, आपली विकास सोसायटी जन्मली ती या एका वाक्यातून.

नियम साधे, पण कडक

या मंडळांचे नियम त्यांनी अनुभवातून बांधले. ते नीट पाहा, कारण प्रत्येकामागे कारण आहे.

पहिला नियम, मंडळ लहान ठेवायचे. एक गाव, फार तर शेजारचे दुसरे. कुणाची गाय किती दूध देते, कुणाचा मुलगा पिण्यात पैसे घालवतो, कोण खरेच अडचणीत आहे आणि कोण सोंग करतो, हे बँकेच्या साहेबाला कळत नाही. शेजाऱ्याला मात्र न विचारता कळते.

दुसरा, जबाबदारी अमर्याद. मंडळ बुडाले तर प्रत्येक सभासदाच्या सगळ्या मालमत्तेवर बोजा. ऐकून अंगावर काटा येईल, पण यातली गोम समजून घ्या. एकट्याच्या दोन एकरावर कुणी पैसा देत नव्हते. शंभर जणांचे दोन-दोन एकर एकत्र हमीला उभे राहिले तेव्हा गरिबालाही पत आली. आणि प्रत्येकाची मान अडकलेली असल्यामुळे कर्ज कुणाला, कशासाठी दिले, यावर सगळ्यांचा डोळा राहिला.

तिसरा, कर्ज सभासदालाच आणि उपयोगाच्या कामालाच, तेही जामीनदार घेऊन. चौथा, पदाधिकाऱ्यांना पगार नाही. हिशोबनीसाला तेवढा मोबदला. पाचवा, नफा वाटायचा नाही. ठेवीला द्यायचे व्याज आणि कर्जावर घ्यायचे व्याज यांत जो थोडा फरक राहील, तो राखीव निधीत टाकायचा. हा निधी कुणाच्या वाट्याचा नाही. मंडळ मोडले तरी तो वाटून घ्यायचा नाही, गावात पुन्हा मंडळ निघेल तेव्हा त्याच्यासाठी राखून ठेवायचा.

हा राखीव निधी म्हणजे गावाची पेवातली ज्वारी समजा. चांगल्या वर्षी मूठ-मूठ टाकायची आणि अवघड वर्षी तोंड उघडायचे.

स्वतःच्या घरची आपत्ती

दुसऱ्यांच्या आपत्तीचा विचार करणाऱ्या या माणसाच्या घरी आपत्ती थोडी नव्हती. काही लेकरे लहानपणीच गेली. १८६३ साली पत्नी एमिली वारली. त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली आणि डोळे तर जवळपास गेलेच. १८६५ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सरकारने त्यांना सेवेतून निवृत्त केले. निवृत्तिवेतन तुटपुंजे, घरात मुले. पोटासाठी त्यांनी दारूच्या, म्हणजे द्राक्षाच्या वाईनच्या व्यापारात हात घातला आणि त्यावर घर चालवले.

अशा अवस्थेत १८६६ साली त्यांनी आपल्या कर्ज मंडळांवर पुस्तक काढले. लिहायला डोळे नव्हते, म्हणून ते सांगत आणि थोरली मुलगी अमाली लिहून घेई. पुढेही आयुष्यभर पत्रव्यवहार, हिशोब, वाचन सगळे तिच्याच हातून झाले. आज जगभर रायफायझेन यांचे नाव आहे, पण त्या नावामागे या मुलीचे डोळे आणि हात आहेत, हे विसरून चालणार नाही. पुस्तक वाचून गावोगावचे पाद्री, शिक्षक, कारभारी त्यांना पत्रे लिहू लागले आणि मंडळे वाढत गेली.

गावच्या पलीकडे

आता एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. एकाची गाय मेली तर गाव सावरील. पण गारपीट झाली, करपा पडला, तर सगळे गावच एका दिवशी अडचणीत येते. तेव्हा कोण कुणाला सावरणार? जामीनदाराचेही शेत गेलेलेच असते. ठेवी काढायला सगळे एकदम येतात आणि कर्ज मागायलाही सगळे एकदम येतात.

यावर त्यांचे उत्तर होते, गावांनीही एकमेकांचे सभासद व्हायचे. १८७२ साली त्यांनी नॉयविड येथे मंडळांची मिळून बँक काढली. ज्या गावात पैसा शिल्लक त्याने तिथे ठेवावा, ज्या गावात चणचण त्याने उचलावा. यावरून वाद पेटला. शुल्झे-डेलिच यांच्या बाजूने आक्षेप आला की थोड्या मुदतीच्या ठेवी घेऊन लांब मुदतीची कर्जे देणे धोक्याचे आहे, आणि बँकेची बांधणी कायद्यात बसत नाही. रायफायझेन यांना माघार घ्यावी लागली आणि १८७६ साली मध्यवर्ती कर्जपेढी वेगळ्या स्वरूपात, भागभांडवली कंपनी म्हणून, नव्याने उभारावी लागली. १८७७ साली मंडळांचा संघ निघाला. संघाकडून हिशोब तपासणी होऊ लागली, खते-बियाण्यांची एकत्र खरेदी वाढली. गावची सोसायटी, तिच्या वर जिल्हा बँक, तिच्या वर राज्य बँक, ही आपली तीन पायऱ्यांची रचना त्याच वाटेने आलेली आहे.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कर्ज म्हणजे विमा नव्हे. कर्जाने नुकसान पुसले जात नाही, ते चार-पाच वर्षांवर पसरले जाते एवढेच. एक वाईट वर्ष त्याने निभते. लागोपाठ दोन-तीन वाईट वर्षे आली की तेच कर्ज गळ्याचा फास होते. म्हणून राखीव निधी, वरची बँक, पीकविमा आणि दुष्काळातले हक्काचे काम, हे सगळे सोबत लागते.

आणखी एक, रायफायझेन यांचा मोठेपणा सांगताना त्यांचा दोषही लपवू नये. त्या भागातले अनेक गुरांचे व्यापारी ज्यू होते. व्यापारातल्या पिळवणुकीचा राग रायफायझेन यांनी पुढे सबंध ज्यू समाजावर काढला, तसे लिहिलेही. ते चूक होते. पिळवणूक होत होती ती रोकड एकाच्या हातात आणि गरज दुसऱ्याच्या दारात होती म्हणून. त्याला जात-धर्म कारण नव्हता. त्यांच्या स्वतःच्या मंडळांनीच ते सिद्ध केले, कारण रोकड मिळाली तशी पिळवणूक कमी झाली.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी पुरी व्हायला थोडेच दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या संघात चारशेहून जास्त मंडळे होती.

दख्खनपर्यंतची वाट

ही वाट आपल्या दारापर्यंत कशी आली तेही थोडक्यात सांगतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरले. शेतकऱ्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता, ते हिसकावून जाळले गेले. सरकारने चौकशी नेमली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. पण सावकाराला आवर घालून शेतकऱ्याची पैशाची गरज संपत नाही. दुसरीकडून पैसा मिळायला हवा.

मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतीकर्जाचा अभ्यास करायला सांगितले. १८९५ आणि १८९७ साली त्यांचा अहवाल दोन भागांत निघाला. त्याचे सार असे की हिंदुस्थानला नुसता कायदा नको, रायफायझेनसारखा माणूस हवा. पुढे १९०४ सालच्या कायद्याने गावोगाव पतसंस्था काढायची वाट मोकळी झाली आणि खेड्यातल्या संस्थांना अमर्याद जबाबदारीचाच नियम लावला गेला. नगर जिल्ह्यात लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली गावची पतपेढी काढली. सहकारी साखर कारखान्याची हिंमत पुढे झाली, त्याआधी पंचवीस-सव्वीस वर्षे ही लहान पतपेढी होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण सगळीकडे असे घडले नाही. १९५१-५२ साली देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शंभरात जेमतेम तीन रुपये निघाला. पन्नास वर्षांच्या कायद्यानंतरची ही स्थिती. त्यानंतर सरकारने भागभांडवल घातले, संस्था मोठ्या केल्या, जबाबदारी मर्यादित केली. कर्ज पोचले, लाखो शेतकऱ्यांना पोचले, हे नाकारता येणार नाही. पण गावाने गावासाठी साठवलेला पैसा मागे पडला आणि वरून आलेला पैसा खाली वाटणारी खिडकी, असे बऱ्याच सोसायट्यांचे रूप झाले. पैसा आपला नाही म्हटल्यावर राखणही आपली राहिली नाही. हेडेसडॉर्फचे १८५४ सालचे मंडळ नेमके असेच रुतले होते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, आणि सचिव, ग्रामसेवक, संचालक मंडळींनो, पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाताना चार प्रश्न खिशात घालून जा. आपल्या सोसायटीचा राखीव निधी किती आहे आणि तो कुठे ठेवला आहे? सोसायटीत गावाच्या स्वतःच्या ठेवी किती? थकबाकी कुणाची, खरोखर पीक बुडालेल्याची की ऐपत असून न भरणाऱ्याची? आणि उद्या पाऊस गेला तर दावणीचे जनावर विकावे लागू नये म्हणून सोसायटी काय करणार आहे? अहवाल न वाचता मंजूर करू नका. शेवटच्या पानावरचा ताळेबंद हातात घेऊन विचारा.

गाव करी ते राव काय करी, असे आपले जुने लोक म्हणत आले. रायफायझेन यांनी त्यात हिशोबाची वही तेवढी घातली. ती वही आपल्या सोसायटीच्या कपाटात आजही आहे. ती उघडून पाहायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.